अनोळखी सहलेखक, एक पटकथा : इंटरनेटवरील सहलेखन आणि लेखकांचे हक्क

चित्रपटाची पटकथा दोन किंवा अधिक लेखकांनी मिळून लिहिण्याची प्रथा जुनी आहे. इंटरनेटने तीत एक मोठा बदल घडवून आणला. परस्परांना कधीही न भेटलेल्या व्यक्ती आता आपापल्या गावी बसून, एकाच वेळी, एकाच पटकथेवर काम करू शकतात. एक लेखक पुण्यात, दुसरा इंदूरला आणि तिसरा न्यू जर्सीत असला तरी काम अडत नाही. दृश्यांची मांडणी, संवादांची दुरुस्ती आणि मसुद्यांची नोंद या सर्वांसाठी साधने उपलब्ध आहेत. तयार झालेली पटकथा कोणाच्या मालकीची, मानधनाची वाटणी कशी आणि श्रेयनामावलीत नाव कोणाचे, या प्रश्नांचा निर्णय मात्र कोणतेही साधन करत नाही. तो लेखकांनाच, आणि शक्यतो पहिले दृश्य लिहिण्यापूर्वी, करावा लागतो. हा निर्णय लांबणीवर टाकल्यास काय घडते, हे गेल्या पंचवीस वर्षांतील काही प्रयोगांवरून आणि न्यायालयीन निवाड्यांवरून स्पष्ट होते.

प्रयोगांचा प्रवास

अनोळखी लेखकांना एकत्र आणण्याचे आरंभीचे प्रयत्न लेखनाचे नव्हते, वाचनाचे होते. ‘गॉडफादर’चे दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या झोट्रोप या संस्थेने २००० च्या सुमारास इंटरनेटवर लेखकांसाठी एक व्यासपीठ उभारले. अभिनेते केविन स्पेसी यांचे ट्रिगर स्ट्रीट २००२ मध्ये आले. दोन्हींचे तत्त्व एकच होते : आपल्या पटकथेवर इतरांचा अभिप्राय हवा असेल, तर आधी इतरांच्या पटकथा वाचून त्यांवर अभिप्राय लिहायचा. येथे लेखणी मूळ लेखकाच्याच हाती राहत असल्याने मालकीचा प्रश्न फारसा उद्भवला नाही.

त्यापुढचे पाऊल ब्रिटनमध्ये टाकले गेले. ‘अ स्वॉर्म ऑफ एंजल्स’ हा उपक्रम २००६ मध्ये जाहीर झाला. ५० हजार व्यक्तींनी प्रत्येकी २५ पौंड द्यावेत आणि पटकथेच्या घडणीतही सहभागी व्हावे, अशी ती कल्पना होती. चित्रपट पूर्ण झाला नाही. २००७ मध्ये पेंग्विन या प्रकाशनसंस्थेने डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाच्या सहकार्याने ‘अ मिलियन पेंग्विन्स’ ही कोणालाही बदलता येईल अशी कादंबरी इंटरनेटवर लिहवून घेतली. सुमारे दीड हजार जणांनी त्यासाठी नोंदणी केली. पात्रे आली, गेली, परत आली. कोणी तरी मजकुरात जागोजागी केळी आणून बसवली. कादंबरी म्हणून हे पुस्तक कोणाच्या स्मरणात राहिले नाही, परंतु अंतिम शब्द कोणाचा हे ठरलेले नसेल तर काय होते याचा नमुना म्हणून त्याचा उल्लेख आजही केला जातो.

सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने केला. नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅमेझॉन स्टुडिओजच्या संकेतस्थळावर कोणीही आपली पटकथा ठेवू शकत असे आणि अन्य कोणीही सदस्य तिचे पुनर्लेखन करू शकत असे. पहिल्या वर्षासाठी एकूण २७ लाख डॉलरची पारितोषिके जाहीर झाली. बक्षिसांचे आकडे मोठे होते. अटींचा मजकूर त्याहून महत्त्वाचा होता. आरंभीच्या नियमांनुसार पटकथा संकेतस्थळावर ठेवताच कंपनीला तिच्यावर १८ महिन्यांचा अनन्य हक्क विनामोबदला मिळत असे. त्या काळात लेखकाला ती दुसऱ्या निर्मात्याला विकता येत नसे, आणि आपल्या पात्रांवर अपरिचित व्यक्तीने केलेले संस्कार रोखण्याचाही मार्ग त्याच्याकडे नव्हता. अनुभवी पटकथालेखकांनी यावर उघड टीका केली. २०१२ मध्ये कंपनीने नियम बदलले. विनामोबदला हक्काची मुदत ४५ दिवसांवर आली, ती वाढवायची असल्यास १० हजार डॉलर देण्याची तरतूद झाली आणि पटकथा पुनर्लेखनासाठी खुली ठेवायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार लेखकाला मिळाला. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने खुल्या प्रवेशिका स्वीकारणे थांबवले. या मार्गाने पडद्यापर्यंत पोहोचलेली ठळक कृती म्हणजे ‘गॉर्टिमर गिबन्स लाइफ ऑन नॉर्मल स्ट्रीट’ ही २०१४ मधील बालमालिका. तिची निर्मितीकल्पना मात्र एकाच नवोदित लेखकाची होती.

तुलनेने टिकलेला प्रयोग अभिनेते जोसेफ गॉर्डन-लेव्हिट यांच्या ‘हिटरेकॉर्ड’चा. येथे एकाने लिहिलेल्या परिच्छेदावर दुसरा संवाद रचतो, तिसरा चित्र काढतो, चौथा आवाज देतो. विक्रीतून मिळणाऱ्या नफ्याचा निम्मा वाटा संस्थेकडे आणि निम्मा योगदान देणाऱ्यांकडे, हा नियम आधीच जाहीर केलेला होता. या समूहाने तयार केलेल्या दूरचित्रवाणी मालिकेला २०१४ मध्ये संवादी माध्यमांच्या गटात एमी पुरस्कार मिळाला. वाटणीचा नियम आधी ठरलेला आणि निवडीचा अंतिम अधिकार एका ठिकाणी, या दोन गोष्टी येथे होत्या. वर उल्लेखलेल्या बहुतेक प्रयोगांत त्यांपैकी एक तरी नव्हती.

लेखक कोण, याचा निवाडा

पटकथेत सहभाग असणे आणि कायद्याच्या दृष्टीने तिचा लेखक असणे, यांत अंतर आहे. अमेरिकेतील एक प्रकरण या संदर्भात नेहमी उद्धृत होते. स्पाइक ली यांच्या ‘माल्कम एक्स’ (१९९२) या चित्रपटासाठी जेफ्री अलमुहम्मद यांनी इस्लामविषयक सल्लागार म्हणून काम केले. त्यांनी काही दृश्ये आणि संवाद सुचवले व त्यांपैकी काही चित्रपटात आलेही. सहलेखक म्हणून मान्यता मिळावी यासाठी ते न्यायालयात गेले. २००० मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे योगदान मोलाचे असल्याचे मान्य केले, परंतु कलाकृतीवर त्यांचे नियंत्रण नव्हते आणि परस्परांना सहलेखक मानण्याचा उभयपक्षी हेतू दिसत नव्हता, या कारणांवरून सहलेखकत्वाचा दावा अमान्य केला.

ब्रिटनमधील निकाल वेगळ्या दिशेने गेला. मेरिल स्ट्रीप यांची भूमिका असलेल्या ‘फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स’ (२०१६) या चित्रपटाच्या पटकथेचे श्रेय एकट्या निकोलस मार्टिन यांना देण्यात आले होते. लेखनाच्या काळात त्यांच्यासमवेत राहणाऱ्या ऑपेरा गायिका ज्युलिया कोगन यांनी आपणही सहलेखिका असल्याचे सांगितले. २०१७ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला आणि ती देताना एक महत्त्वाचे तत्त्व स्पष्ट केले : लेखणी ज्याच्या हाती, तोच केवळ लेखक असे नाही, कथानक आणि पात्रे घडवणाराही लेखक ठरू शकतो. त्याचबरोबर अशा वादात साक्षीदारांच्या आठवणींपेक्षा त्या त्या वेळच्या ई-मेल व कागदपत्रांकडे नीट पाहिले पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले. २०२१ मध्ये कोगन सहलेखिका ठरल्या आणि त्यांचा वाटा २० टक्के निश्चित झाला. एका छताखाली राहणाऱ्या दोन व्यक्तींचा वाटा ठरण्यास तीन निकाल लागले, ही बाब लक्षणीय आहे. घरात बोलता बोलता सुचवलेल्या कल्पनेचा पुरावा उरत नाही. इंटरनेटवर एकत्र येणाऱ्या अनोळखी लेखकांची स्थिती या एका बाबतीत अधिक चांगली म्हणता येईल, कारण त्यांचा बहुतेक संवाद मुळातच लिखित असतो.

लेखणी एकाची आणि आशय दुसऱ्याचा, हा प्रश्न भारतीय न्यायालयापुढेही आलेला आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या पुस्तकाचे कथन आझाद यांनी उर्दूत केले आणि हुमायून कबीर यांनी ते इंग्रजीत लिहिले. पुस्तकाची राखून ठेवलेली तीस पृष्ठे प्रसिद्ध करण्यावरून उद्भवलेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांनाही सहलेखक मानले. दोघांमध्ये पूर्वनियोजित आणि सक्रिय बौद्धिक सहकार्य होते, हा त्यामागील आधार होता. पटकथेच्या संदर्भात हा निकाल वाचणे उपयुक्त ठरते, कारण दूरध्वनीवर प्रसंग सांगणारा एक आणि संगणकावर टंकित करणारा दुसरा, अशी कामाची विभागणी आज सर्रास आढळते.

भारतीय कायद्यातील तरतुदी

भारतात कॉपीराइट अर्थात प्रताधिकार कायदा, १९५७ लागू आहे. त्यातील कलम २ (झेड) नुसार, दोन किंवा अधिक लेखकांच्या सहकार्यातून निर्माण झालेली आणि ज्यात एकाचे योगदान दुसऱ्याच्या योगदानापासून वेगळे ओळखता येत नाही, अशी कृती संयुक्त लेखनाची कृती मानली जाते. तिच्यावरील हक्क सर्वांत शेवटी निधन पावणाऱ्या लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

या व्याख्येतील ‘वेगळे ओळखता येत नाही’ हे शब्द भारतीय चित्रपटसृष्टीच्या प्रथेशी थोडे विसंगत वाटतात. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद ही तीन श्रेये स्वतंत्रपणे देण्याची रीत आहे. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) हे याचे परिचित उदाहरण. गुजरातमधील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन या चित्रपटाला भांडवल पुरवले, पण पटकथा विजय तेंडुलकर यांची आणि संवाद कैफी आझमी यांचे, ही विभागणी स्पष्ट होती. निधी लाखोंचा असू शकतो. लेखणीच्या बाबतीत ते सहसा साधत नाही. अनोळखी सहलेखकांसाठी ही तीन श्रेयांची रीत सोयीची आहे, कारण जबाबदारीची सीमारेषा तीत आयतीच मिळते. अर्थात एकाच सामाईक दस्तऐवजात तिघेही सर्वत्र फेरफार करू लागले की ही रेषा पुसट होते.

हक्कांच्या हस्तांतरणाविषयीची कलमे १८ व १९ प्रत्येक लेखकाने वाचावीत अशी आहेत. हस्तांतरण लेखी आणि हक्कदाराच्या स्वाक्षरीचे असावे लागते. मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता समजला जातो. २०१२ मधील दुरुस्तीनंतर, चित्रपटात समाविष्ट साहित्याचा चित्रपटगृहाबाहेर वापर झाल्यास मिळणाऱ्या स्वामित्वधनात समान वाट्याचा हक्क लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. याखेरीज कलम ५७ लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विपर्यासाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देते. हक्क विकल्यानंतरही तो कायम राहतो. हे सर्व संरक्षण ‘लेखका’ला आहे. ज्याचे नाव करारात नाही, त्याला आधी आपण लेखक असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि नवोदित लेखक बहुधा याच पायरीवर अडकतो.

केवळ कल्पनेला प्रताधिकार मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात स्पष्ट केले आहे. ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ (१९५६) हा चित्रपट बेतल्याचा तो दावा होता. विषय समान असला तरी मांडणी वेगळी असल्यास हक्कभंग होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे अनोळखी व्यक्तीपुढे दोन ओळींची कथाकल्पना ठेवणे आणि विस्तृत दृश्यक्रम ठेवणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. गोपनीयतेच्या अटीवर सांगितलेली आणि पुरेशी विकसित केलेली संकल्पना मात्र संरक्षणास पात्र ठरू शकते. दूरचित्रवाणी मालिकेच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये असे संरक्षण दिले. गोपनीयतेची अट लेखी असणे येथे उपयोगी पडते.

सहलेखक परदेशी असल्यास प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. भारत १९२८ पासून बर्न कराराचा सदस्य असल्याने भारतीय लेखकाच्या कृतीला अन्य सदस्य देशांतही संरक्षण मिळते. परंतु सहमालकांचे अधिकार सर्वत्र सारखे नाहीत. अमेरिकेत एक सहमालक दुसऱ्याला न विचारता कृतीच्या वापराचा अनन्य नसलेला परवाना देऊ शकतो. त्याला केवळ नफ्याचा हिशेब द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये सर्वांची संमती आवश्यक असते. न्यू जर्सीतील मित्राने सद्‌भावनेने दिलेली परवानगी पुण्यातील लेखकाला धक्कादायक वाटू शकते. कोणत्या देशाचा कायदा लागू राहील, हे एका वाक्यात आधी नमूद केल्यास हा घोळ टळतो.

साधने आणि देवनागरीची अडचण

सामाईक लेखनासाठी वापरली जाणारी साधने आता सुपरिचित आहेत. २००६ मध्ये आलेले गूगल डॉक्स सर्वाधिक प्रचलित आहे. सेल्टएक्स आणि २०१३ पासूनचे रायटरड्युएट ही खास पटकथेसाठीची साधने होत. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता बदल केला याची नोंद अशी साधने ठेवू शकतात. वाद उद्भवल्यास ही नोंद मोलाची ठरते. मात्र अनेकदा दस्तऐवज एका व्यक्तीच्या खात्यात असतो आणि तिने तो बंद केल्यास इतरांची नोंदही त्यासोबत जाते. ठरावीक टप्प्यांवर प्रत्येक लेखकाने आपल्याजवळ प्रत उतरवून ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

मराठी लेखकांपुढे आणखी एक प्रश्न असतो. पटकथेचे एक पृष्ठ म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, हा हिशेब १२ पॉइंट आकाराच्या कूरियर या रोमन टंकावर आधारलेला आहे. देवनागरीत मात्रा व जोडाक्षरांमुळे ओळींची उंची आणि शब्दांची रुंदी बदलते, त्यामुळे तो हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. हिंदी चित्रपटसृष्टीत दृश्यवर्णन इंग्रजीत आणि संवाद रोमन लिपीत लिहिण्याची सवय पडली, त्यामागे अशा तांत्रिक अडचणींचाही वाटा आहे. जुन्या बिगर-युनिकोड टंकात लिहिलेला मसुदा दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटतो, हा अनुभव अनेकांना आला असेल. सर्व सहलेखकांनी युनिकोड टंकच वापरण्याचे ठरवणे आणि कालावधीचा अंदाज पृष्ठांवरून न बांधता संवाद मोठ्याने वाचून, घड्याळ लावून घेणे श्रेयस्कर.

करारात काय असावे

सहलेखनाचा करार लांबलचक असण्याची गरज नसते. लेखकांची खरी नावे आणि पत्ते, प्रत्येकाची जबाबदारी, मालकीचा व मानधनाचा वाटा, श्रेयनामावलीतील नावांचा क्रम, मतभेद झाल्यास अंतिम निर्णय कोणाचा, आणि एखादा लेखक मध्येच बाहेर पडल्यास त्याच्या लेखनाचे काय, एवढे मुद्दे एका पृष्ठात मावतात. खऱ्या नावांचा आग्रह येथे अनाठायी नाही. इंटरनेटवर टोपणनावाने वावरणारा सहलेखक १८ वर्षांखालील असू शकतो, आणि भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीने केलेला करार निरर्थक ठरतो.

नावांच्या क्रमाला व्यवसायात बराच अर्थ असतो. हॉलिवूडमधील लेखक संघटनेच्या नियमांत दोन नावांमधील ‘आणि’ शब्दाने लिहिला असेल, तर दोघांनी स्वतंत्रपणे काम केल्याचे समजते. चिन्हाने दर्शवला असेल, तर ते एकत्र जोडीने लिहिणारे ठरतात. मूळ पटकथेवर नंतर आलेल्या लेखकाला श्रेय मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे निम्मे योगदान दाखवावे लागते. भारतात मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन, म्हणजेच पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, सदस्यांच्या पटकथांची ऑनलाइन नोंदणी करते आणि श्रेय व मानधनाच्या तक्रारींसाठी तिची वाद निवारण समिती आहे. ही नोंदणी म्हणजे पटकथा अमुक दिनांकास अस्तित्वात होती याचा पुरावा. केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयातही साहित्यकृतीची नोंदणी करता येते. दोन्ही नोंदण्या ऐच्छिक आहेत, कारण प्रताधिकार लेखनाबरोबरच निर्माण होतो. एकाच सहलेखकाने केवळ आपल्या नावाने नोंदणी केली, तर ही सोय इतरांच्या विरोधात पुरावा म्हणून वापरली जाण्याची शक्यता असते. अर्जात सर्वांची नावे असल्याची खात्री प्रत्येकाने करून घ्यावी.

अलीकडे सहलेखकाने पाठवलेला मजकूर त्याने स्वतः लिहिला की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून लिहवून घेतला, हाही प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेतील लेखकांच्या १४८ दिवसांच्या संपानंतर २०२३ मध्ये झालेल्या करारात अशा साधनाला लेखक मानता येणार नाही, असे नमूद करण्यात आले. भारतीय कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती अशी तरतूद आहे, मात्र ती या साधनांच्या कितीतरी आधीची आहे. साधनाचा वापर केल्यास तो इतरांना कळवावा, अशी अट सहलेखकांनी आपसात घालणे हा तूर्त उपलब्ध मार्ग आहे.

सहलेखकाशी भांडण होण्याइतकीच दुसरीही एक शक्यता करारात गृहीत धरावी लागते : तो उत्तरे देणे थांबवतो. ई-मेल बंद होतो, टोपणनाव नाहीसे होते आणि चाळीस दृश्ये लिहून झालेली पटकथा दुसऱ्याच्या हाती उरते. हक्कांची साखळी अखंड असल्याची खात्री पटल्याशिवाय निर्माते अशा पटकथेला हात लावण्यास धजावत नाहीत. ठावठिकाणा नसलेल्या लेखकाच्या अप्रकाशित कृतीसाठी प्रताधिकार कायद्याच्या कलम ३१-अ मध्ये परवान्याची तरतूद आहे. त्यासाठी अर्ज करण्यापूर्वी देशाच्या बहुतांश भागांत खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. करारातील मुद्दा त्या तुलनेत अल्प खर्चाचा आहे : ठरावीक दिवस उत्तर न आल्यास उर्वरित लेखकांना पटकथा पूर्ण करण्याचा व विकण्याचा अधिकार राहील, आणि गेलेल्याचे श्रेय व वाटा त्याच्या लिहून झालेल्या भागापुरता राखून ठेवला जाईल.